पोलादपूरला, की पोलादपुरात?

रशियनमध्ये विभक्त्या सहाच. शाळेत संबोधनासकट आठ घोकलेल्या माणसाला त्याची कसली भीती? तीन लिंगंही आपल्यासारखीच. पण महाड-पोलादपूर एसटीत वही उघडली की खरी गंमत कळते. आपण पोलादपूरला जातो आणि पोलादपूरला राहतोही. 'ला' दोन्हीकडे चालतो. रशियन माणसाला हे खपत नाही. जायचं असेल तर 'व पोलादपूर', राहायचं असेल तर 'व पोलादपूर्ये'. शब्दयोगी तोच, पण नुसत्या शेपटावरून कळतं की गडी वाटेत आहे की घरी पोचलाय. सावित्री नदीला मात्र विभक्ती लागतच नाही. परकं, 'ई'वर संपणारं नाव, म्हणून रशियन तिला हात लावत नाही.

एक गोष्ट मात्र थेट आपल्या घरची निघाली. आपण 'घर बघतो', पण 'भावाला बघतो'. निर्जीवाला प्रत्यय नाही, सजीवाला हवा. रशियन पुल्लिंगी नामाचंही तेच: 'दोम' तसाच राहतो, 'ब्रात'चा 'ब्राता' होतो. तो प्रत्यय त्यांनी षष्ठीकडून उसना घेतलाय, एवढाच फरक.

आकड्यांचा छळ निराळाच. एक रूब्ल, दोन ते चार 'रूब्ल्या', पाच ते वीस 'रूब्लेय'. तिकिटाचे पैसे मोजतानाही व्याकरण!

रशियन शिकायची असेल, तर आधी मोरो केशव दामल्यांचं 1911 सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' काढा आणि विभक्तीचं प्रकरण नीट वाचा. निम्मं काम तिथेच होतं.