जीपला हळद

आमच्या जीपला जितक्यांदा हळद लागली, तितक्यांदा ती गावातल्या सगळ्या नवरदेवांना मिळूनही लागली नसेल. नव्वदच्या दशकात अण्णांची कमांडर सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर चालायची, सवारी मिळाली तर पुढं उस्मानाबादपर्यंत. (जिल्हा आता धाराशिव झालाय, पण जीपच्या काचेवर उस्मानाबाद लिहिलेलं होतं, म्हणून तिच्यापुरतं तेच राहू द्या.) पुढच्या कप्प्यात सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, तारेचं भेंडोळं, अंगाच्या साबणाचा तुकडा आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली हळदीची पुडी कायम असे. ट्यूबची पट्टी होजपाइपला गुंडाळायला, साबण डिझेलच्या टाकीला चोळायला, हळद रेडिएटरला. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही आणि हळद पाण्यात विरघळत नाही, एवढ्या रसायनशास्त्रावर आमचं घर चाललं.

तामलवाडीपर्यंत जीप शहाण्यासारखी धावायची. तुळजापूरच्या अलीकडं बालाघाटचा चढ लागला की तिचं खरं रूप दिसे. आत चौदा-पंधरा माणसं, मागच्या फळीवर दोन लोंबकळलेली, टपावर गाठोडी, आणि वर मे महिन्याचं ऊन. आधी गोडसर गरम वास यायचा, मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ.

“अण्णा, पाणी गळायलंय!” मागून कुणीतरी ओरडे.

“दिसायलंय मला. उतरा समदे.”

उतरलेले लोक दरड सोडून जरा सावली दिसेल तिकडं जात. अण्णा बॉनेट उघडून विडी ओढत उभे राहत. घाई करायची नाही, हा पहिला नियम. तापलेल्या रेडिएटरचं टोपण उघडणाऱ्याचा हात भाजतो, आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणाऱ्याचा हेड तडकतो. विडी संपली की ओलं फडकं टोपणावर टाकायचं, अर्धा आटा फिरवून वाफ सोडायची, मग टोपण काढायचं. इंजिन हळू चालू ठेवून पाण्याची बारीक धार धरायची. ग्लासात कालवलेली हळद त्या धारेबरोबर आत जायची.

एकदा कप्प्यातली पुडी संपलेली निघाली. तुळजापूरला ओटी भरायला निघालेल्या एका म्हाताऱ्या मावशीनं पिशवी सोडली. “माझ्या वटीतली घे की. देवीला काय कमी पडायलंय?” अण्णा संकोचले, पण घेतली. घाट चढून वर आल्यावर मावशी म्हणाली, “सांगते देवीला, तुझ्या गाडीनं वाटंतच खाल्ली म्हणून.” साऱ्या जीपमध्ये हसू पसरलं. एसटीत असं हसू क्वचित ऐकलंय मी; तिथं बस बंद पडली की लोक आधी कंडक्टरकडं बघतात.

हळद लागू पडायची ती का? ज्या भोकातून पाणी सुटतं, तिकडंच पाणी ओढ घेतं आणि आतला गाळही तिकडंच वाहून जातो. हळदीची पूड फुगून तिथं अडकते, तिच्यावर पुढचे कण साचतात, धार थेंबावर येते. अण्णा शेवटी टोपण मुद्दाम सैल लावायचे. ते टोपण नुसतं झाकण नसतं. त्यातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांना न उकळता साधारण १२० पर्यंत तग धरतं. तोच दाब भोकातून पाणी बाहेर ढकलतो. टोपण सैल म्हणजे दाब नाही, गळती कमी. पण पाणी लवकर उकळणार. म्हणून चढावर दुसरा गिअर, आणि दर चार मैलांवर थांबा. अण्णांचा हिशेब शेवटपर्यंत मैलातच राहिला.

खरी अडचण हळदीची नव्हती, पाण्याची होती. आमच्याकडं उन्हाळ्यात माणसाला दोन घागरी मिळायची मारामार. रस्त्याकडच्या वस्तीवर डबा घेऊन गेलं की घरधनीण आधी विचारायची, “प्यायला पाहिजे का गाडीला?” खोटं बोलणारे ड्रायव्हर होते. अण्णा खरं सांगायचे आणि अनेकदा रिकामा डबा घेऊन परत यायचे. मिळालंच तर बोअरचं, जड, क्षाराचं. तेच रेडिएटरमध्ये जायचं आणि नळ्यांच्या आत किटलीच्या तळासारखा पांढरा थर चढवायचं.

इथवर लिहिताना मला मजा येतेय, म्हणूनच थोडं थांबायला हवं. आठवणीत मावशी आहे, घाट आहे, हसू आहे. रेडिएटरचा मिस्त्री त्यात नाही, आणि या साऱ्याची किंमत त्यानं मोजली. उस्मानाबादच्या स्टँडमागं त्याचं पत्र्याचं दुकान होतं. रेडिएटर खोलून, तोंडं रबरानं बंद करून तो हौदात बुडवायचा आणि पंपानं हवा भरायचा. बुडबुडा जिथून येईल तिथं भोक. मग ब्लो लॅम्पच्या भडक्यानं पितळी टाकी सोडवायची, नळ्यांतून एकेक करत लोखंडी पट्टी फिरवायची. त्या पट्टीबरोबर बाहेर यायचा तो पिवळा-काळा लगदा: दोन वर्षांची हळद आणि चुन्याचे खवले. भोक बुजवते ती पूड चांगल्या नळ्यांनाही सोडत नाही. नळ्या निम्म्या बुजल्या की पाणी गार होत नाही, गाडी जास्त तापते, जास्त दाबानं नवं भोक पडतं, आणि मग आणखी हळद. मिस्त्री तो लगदा अण्णांसमोर धरून म्हणायचा, “अण्णा, आमटी करायलाव का गाडी चालवायलाव?” मग तेजाब लावून, कथलाचा डाग मारून, पुन्हा हौदात बुडवून दाखवायचा. तांब्या-पितळेचा रेडिएटर कितीही वेळा मरून उठायचा.

या हळदीला मी बरीच वर्षं आमच्या भागाचं अडाणीपण समजत होतो. पुढं वाचनात आलं की नॉटिलस या अमेरिकेच्या पहिल्या अणुपाणबुडीनंही हाच मार्ग धरला होता. १९५८ साली उत्तर ध्रुवाच्या मोहिमेआधी तिच्या कंडेन्सरमध्ये समुद्राचं पाणी झिरपू लागलं, आणि कुणाला गळती सापडेना. कप्तानानं खलाशांना साध्या कपड्यांत सिॲटलच्या दुकानांत पाठवून मोटारीच्या रेडिएटरची गळती बंद करणारं औषध आणवलं, साधारण १४० डबे. गळती थांबली. ३ ऑगस्टला पाणबुडी बर्फाखालून ध्रुव ओलांडून गेली. त्याच देशात कॅडिलॅकसारख्या महागड्या गाड्यांच्या काही इंजिनांत कारखान्यातच गळतीरोधक गोळ्या टाकत, आणि त्या गोळ्यांत आल्याच्या कंदाची पूड असे. आलं आणि हळद एकाच कुळातली. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मग त्यांचा मिस्त्री काय म्हणत असंल?”

आता तो रस्ता चौपदरी आहे, तामलवाडीला टोलनाका आहे. गाड्या तापत नाहीत. पाण्याऐवजी गुलाबी किंवा हिरवं कूलंट, जे उशिरा उकळतं आणि क्षारही चढू देत नाही. पाणी कमी झालं तर दिवा लागतो. स्टँडमागच्या त्या जागेत मोबाइलची कव्हरं मिळतात. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या आणि कडा दुमडून बसवलेल्या. तिथं डाग कशाला मारणार? मधल्या नळ्या इतक्या चपट्या की लोखंडी पट्टी शिरायची नाही.

गेल्या वर्षी पुतण्याच्या गाडीतून तुळजापूरला निघालो होतो. घाट चढायच्या आधीच लाल दिवा लागला. प्लॅस्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर. पुतण्यानं जवळच्या पंपावरून स्टॉप-लीकची बाटली आणली, कागदावरचं वाचून इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबला आणि ओतली. बारीक भोकाला ती ठीक. लांब चिरेत कण धरायला जागाच नसते. दहा मिनिटांत सारं औषध रस्त्यावर आलं. त्यानं फोन करून गाडी उचलायला ट्रक मागवला.

ट्रक यायला दीड तास लागला. आम्ही काचा खाली करून बसलो. शेजारून गाड्या सुसाट जात होत्या, एकही थांबली नाही. थांबून करणार तरी काय म्हणा. मागच्या सीटवर बायकोनं देवीच्या ओटीचं सामान ठेवलं होतं. माझा हात हळदीच्या पुडीकडं गेलेला पुतण्याला आरशात दिसला.

“काका, ठेवा ती. वॉरंटी जाईल.”

ठेवली. देवीचं दर्शन त्या दिवशी काही झालं नाही. पुडी तशीच घरी परत आली आणि दोन दिवसांनी आमटीत गेली.