दक्षिणद्वाराचा मेळ

प्रवासाची खरी गोडी मुक्कामी पोहोचण्यात आहे, की मुक्कामी कसे पोहोचावे याचा खल करण्यात आहे, हा वाद आमच्या घरी फार जुना आहे. आमचे वडील बंधू दादा हे दुसऱ्या पक्षाचे. रेल्वेचे वेळापत्रक ते कादंबरीसारखे वाचतात, आणि अमुक गाडी वीस मिनिटे आधी आली असती तर पुढच्या गाडीचा मेळ कसा साधला असता, याची गणिते जेवतानाही मांडतात. त्यांचा हा वारसा घरातील मुलांनी उचलला तो मात्र दूरचित्रवाणीच्या वाटेने.

परदेशांत हल्ली प्रवासाच्या शर्यती लावून त्या लोकांस दाखविण्याची चाल पडली आहे. अमेरिकेतील ‘द अमेझिंग रेस’ ही मालिका 2001 साली सुरू झाली, आणि तिचे पहिल्या खेपेचे स्पर्धक आग्र्याच्या ताजमहालापर्यंत येऊन गेले. बी.बी.सी.ने 2019 साली ‘रेस अक्रॉस द वर्ल्ड’ सुरू केली, तीत तर विमान वर्ज्य, भ्रमणध्वनी वर्ज्य, आणि खर्चास पैसे काय ते विमानभाड्याइतकेच. तेवढ्यावर लंडनहून निघून सिंगापूर गाठावयाचे. आमची मुले ही शर्यत नुसती पाहत नाहीत. दिवाणखान्यात नकाशा पसरून ती स्पर्धकांच्या पुढे धावतात. “यांनी रात्रीची बस सोडली, आता यांचे दोन दिवस गेले,” असा निकाल आमचा मधला पुतण्या स्पर्धकांच्या आधी देतो, आणि तो बहुधा खराही ठरतो.

हे सारे कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या आमच्या आत्याबाईंनी एके दिवशी जपमाळ खाली ठेवली व म्हटले, “अरे, साऱ्या जगाच्या गाड्या जुळवता, मला एकदा वाडीचे दक्षिणद्वार जुळवून द्याल का?”

मुले हसली, पण दादा हसले नाहीत. त्याचे कारण ज्यांस वाडीचा परिचय नाही अशा वाचकांसाठी सांगणे अवश्य आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर नृसिंहवाडी वसली आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचे येथे बारा वर्षे वास्तव्य झाले व पुढे ते गाणगापुरास गेले, अशी परंपरा आहे. येथील मनोहर पादुकांचे मंदिर कृष्णेच्या घाटावर अगदी पाण्यालगत आहे. पावसाळ्यात कृष्णा चढू लागली म्हणजे तिचे पाणी उत्तरेच्या दारातून आत शिरते, पादुकांस स्पर्श करते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. त्या वाहत्या पाण्यात दक्षिणद्वारी स्नान करणे यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पंचांगात त्याची तिथी नाही. पाणी एक पायरी कमी असेल तर सोहळा नाही. फार वाढले तर मंदिरच पाण्याखाली जाते आणि उत्सवमूर्ती वर श्रीनारायणस्वामींच्या मंदिरात न्यावी लागते. या दोहोंमधील जे काही तास, तेच काय ते आपले. एखाद्या वर्षी हा योग दोनतीनदा येतो, एखाद्या वर्षी येतच नाही.

आत्याबाईंचा हा योग दोनदा हुकला होता. 1968 साली त्या मुंबईस राहत. त्या काळी मुंबईची रुंद गाडी पुण्यास संपे आणि पुढे मिरजेकडे लहान मापाची गाडी धरावी लागे; कोल्हापूरपर्यंत रुंद रूळ आले ते 1971 साली. मुले आणि वळकट्या सांभाळता सांभाळता पुण्यास त्यांची पुढची गाडी डोळ्यांदेखत सुटली, आणि वाडीस पोहोचल्या तेव्हा पाणी ओसरून दारात गाळ उरला होता. दुसऱ्या खेपेस, यजमानांच्या निवृत्तीनंतर, त्या तीन दिवस आधीच जाऊन बसल्या. पाणी दोन पायऱ्या खाली येऊन थबकले. चौथ्या दिवशी घरून निकडीचा निरोप आला म्हणून त्या परतल्या, आणि पाचव्या दिवशी दार वाहिले. आता त्यांस एक्याऐंशीवे वर्ष लागले होते. गुडघ्यांनी जवळजवळ रजा मागितली होती. पुढच्या आषाढाचा भरवसा कोणी द्यावा?

2024 चा जुलै उजाडला आणि घरातील भिंतीवर एक तक्ता लागला. कोयना धरणातून किती विसर्ग सुटला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आले, याची नोंद पुतण्या सकाळसंध्याकाळ करू लागला. त्या पुलापाशी 40 फूट ही इशाऱ्याची आणि 45 फूट ही धोक्याची पातळी मानतात, हे आमच्या स्वयंपाकघरातही सर्वांस पाठ झाले. चार दिवसांच्या आकड्यांवरून त्याने गुरुवार पहाटेचा मुहूर्त काढला, आणि दादांनी त्यावर गाड्यांचा मेळ बसविला.

सोमवारी सहज म्हणून वाडीच्या आमच्या उपाध्यायांस दूरध्वनी केला. तक्ता ऐकून घेऊन ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही कृष्णेचे पाहिलेत, पंचगंगेचे कोण पाहणार? संगम देवळाच्या खालच्या अंगास आहे. पंचगंगा फुगली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही, पाणी मागे तुंबते. राधानगरीकडचा पाऊस विचारा, कोल्हापूरचा राजाराम बंधारा विचारा.”

पुतण्याचा चेहरा उतरला. जगभरच्या गाड्यांचे मेळ जुळविणारा हा मुलगा, दोन नद्यांचा मेळ मात्र विसरला होता! राजाराम बंधाऱ्याचा आकडा पाहिला तो इशाऱ्याच्या 39 फुटांच्या पुढे सरकून 43 फुटांच्या धोक्याच्या रेषेकडे निघालेला. नवा हिशेब मांडला. गुरुवार सुटला, बुधवार पहाट आली.

आता वाटेचा प्रश्न. रात्रीच्या बसने सांगलीस लवकर पोहोचता आले असते, पण पुढे दोनदा वाहन बदलावे लागले असते. दादांनी ते साफ नाकारले. म्हाताऱ्या माणसास एक बदल हा दोन तासांच्या प्रवासाहून जड, असे त्यांचे सूत्र. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेस उतरावे असे आम्ही सुचविले, तेव्हा पुतण्याने नकाशावर बोट ठेवले. मिरज कृष्णेच्या एका काठास आणि वाडी दुसऱ्या काठास. मिरजेस उतरलो तर रस्त्याच्या पुलाने नदी ओलांडावी लागणार, आणि जोडरस्त्यावर पाणी असले तर तेथेच अडकणार. त्याच गाडीत पुढे जयसिंगपुरापर्यंत बसून राहिलो तर आगगाडीच आपल्याला नदीपार नेते! 1891 साली सुरू झालेला हा मिरज–कोल्हापूर लोहमार्ग. त्यावरील या स्थानकाचे जुने नाव शिरोळ रोड. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसविले. तेथून शिरोळमार्गे वाडी सुमारे पंधरा किलोमीटर. मेळ बसला.

आरक्षणाच्या जागा तीनच मिळाल्या. ज्यांनी जन्मभर वेळापत्रके वाचली ते दादा आपण होऊन मागे राहिले. घरी दूरध्वनीपाशी कोणीतरी हवेच, असे म्हणून त्यांनी विषय संपविला. आत्याबाई, पुतण्या आणि आम्ही असे निघालो.

सकाळी जयसिंगपुरास उतरलो तो पावसाची झड लागलेली. एक रिक्षावाला मिळाला. शिरोळच्या पुढे दोन्ही बाजूंचा ऊस गुडघाभर पाण्यात उभा होता. वाडीत शिरलो तर उपाध्यायांच्या घरी भांडीकुंडी माळ्यावर चढविण्याची लगबग चाललेली. आम्ही ज्यासाठी धावत आलो होतो, त्याच पाण्याचा या घरास घोर होता. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही महापुरांत या तालुक्याने फार सोसले आहे. उपाध्यायांच्या सूनबाई हसतमुखाने म्हणाल्या, “आमच्याकडे महाराज आधी दारात येतात आणि मग घरात.” आम्हांस त्या वाक्याने थोडे ओशाळल्यासारखे झाले.

पाणी उत्तरेच्या दारातून आत शिरले होते. दोन तरुण पुजाऱ्यांनी आत्याबाईंस धरून पायऱ्यांवरून उतरविले. दक्षिणद्वारी वाहणाऱ्या त्या गढूळ, थंडगार पाण्यात त्या बसल्या तेव्हा पाणी त्यांच्या कमरेपर्यंत होते. त्यांनी काही मागितले नाही, काही म्हटलेही नाही; फक्त ओंजळ भरून पाणी डोक्यावर घेतले आणि कितीतरी वेळ डोळे मिटून ठेवले. छप्पन्न वर्षांपूर्वी चुकलेली गाडी जणू आता येऊन लागली होती.

आम्हांस वाटले, आता यांस येथून हलविणे कठीण. पण पुतण्याने घड्याळ पुढे करताच त्या स्वतःच उठल्या. “येणाऱ्याने जाण्याची वाट मोकळी ठेवावी,” एवढेच म्हणाल्या. कवठाची बर्फी आणि कंदी पेढे घेऊन दोन तासांत आम्ही वाडी सोडली. वाचकांपैकी कोणास हा योग साधावयाचा असेल तर आमच्या अनुभवाचे सार इतकेच: दोन्ही नद्यांची चौकशी करावी, वाडीच्या माणसाचा शब्द आकड्यांहून वर मानावा, आणि येण्याच्या आधी परतीची वाट ठरवावी.

दुपारी दादांचा दूरध्वनी आला. गाभारा पाण्याखाली जाऊन उत्सवमूर्ती वर हलविली होती. आम्ही तेव्हा शिरोळच्या स्थानकावर चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर मुलाबरोबर आलेल्या एक वृद्ध बाई होत्या. ही वार्ता कानी पडताच त्या गप्पच झाल्या. आत्याबाईंनी पिशवीतून तांब्या काढला. घरच्या देव्हाऱ्यासाठी जपून आणलेले तीर्थ होते ते. त्यांनी त्या बाईंची बाटली मागून घेतली आणि तांब्यातले निम्मे पाणी तीत ओतले.

“पुढच्या वर्षी पंचगंगेचेही पाहून निघा हो,” त्या म्हणाल्या, आणि पुतण्याकडे वळून, “यांना तुझा तो तक्ता दे.”