घंटा आणि कोंबडा

लघुनिबंधाचा तास माँतेनचे नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे पुढे सरकत नाही. तो सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाला आणि एकांतात बसून त्याने निबंध लिहिले, एवढे विद्यार्थी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकेत उतरवीत आले आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी फ्रान्समधील दॉर्दोन्य नदीच्या खोऱ्यात, एका खेड्यात, आठवडाभर बिऱ्हाड केले. माँतेनचा मनोरा तेथून जवळ, हे एक निमित्त. खरे म्हणजे आम्हांला शांतता हवी होती.

सुट्टीपुरत्या भाड्याने मिळणाऱ्या अशा ग्रामीण घराला तिकडे 'झीत' म्हणतात. माणसे शहरांकडे गेली, घरे रिकामी पडली. त्यांचा उपयोग व्हावा आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत, या हेतूने १९५५ मध्ये या घरांचा देशव्यापी संघ उभा राहिला. पाहुण्याला लाभणारी शांतता ही बव्हंशी निघून गेलेल्यांची शांतता असते. कोकणातल्या बंद घरांच्या पडव्या पाहिलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

पहिल्याच सकाळी सातला चर्चच्या घंटेने आम्हांला उठवले. मग द्राक्षमळ्यातला ट्रॅक्टर, मग शेजारचा कोंबडा. न्याहारीच्या वेळी घरमालकीणबाईंपाशी घंटेचा विषय काढला, तर त्यांनी विचारले, "कोणती घंटा?"

कोंबड्यावरून मात्र फ्रान्समध्ये खटला झालेला आहे. ओलेराँ बेटावर सुट्टीचे घर असलेल्या शेजाऱ्यांनी मोरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध दावा लावला. सप्टेंबर २०१९ मध्ये रोशफोरच्या न्यायालयाने निकाल कोंबड्याच्या बाजूने दिला. २०२० मध्ये मोरिस वारला. जानेवारी २०२१ मध्ये तर खेड्यातले आवाज आणि वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदाच झाला. शेणाच्या वासाला कायद्याचे संरक्षण! हसू येते; पण फिर्यादी आमच्याच जातीचे होते, शांतता विकत घेऊन आलेले.

मनोरा गोल, दगडी. तळाशी प्रार्थनागृह, मध्ये शयनगृह, वर ग्रंथालय. १८८५ च्या आगीत वाडा जळाला, हा मनोरा तेवढा वाचला. ग्रंथ आता तेथे नाहीत. तुळयांवर रंगवून लिहिलेली ग्रीक-लॅटिन वचने आहेत. बोर्दोच्या न्यायालयातील पद सोडलेला माँतेन १५७१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, येथे निवृत्त झाला. बाहेर कॅथलिक-प्रॉटेस्टंट युद्धे पेटलेली होती. निबंधांचे पहिले दोन खंड १५८० मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी तो बोर्दोचा महापौर झाला. याला एकांत म्हणायचे तर म्हणावे!

सवयीविषयीच्या निबंधात तो याच मनोऱ्यातल्या घंटेबद्दल लिहितो. रोज सकाळ-संध्याकाळ ती एवढ्या जोराने वाजे, की मनोराच दचकावा. प्रारंभी असह्य वाटले, पण थोड्याच दिवसांत तिने आपली झोपही मोडेनाशी झाली, असे तो सांगतो. दुसऱ्या एका निबंधात ग्रंथालयाच्या खिडक्या आहेत: तेथून त्याला खाली बाग दिसे, अंगण दिसे, गुराढोरांचे आवार दिसे. लिहिता लिहिता तो घरच्या कामांवर नजर ठेवीत असे. आम्ही त्याच खिडक्यांपाशी बराच वेळ उभे होतो. खाली कोणी तरी घमेले आपटले.