गंगावनाची निगा

स्त्रियांच्या केशसंभाराविषयी आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाने लेखणी उचलावी, याचे काही वाचकांस हसू येईल. तथापि ज्या चुकीने आम्हांस हा विषय शिकविला, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

तीस वर्षांपूर्वी विषमज्वरातून उठल्यावर दोन-तीन महिन्यांनी आमच्या सौ.चे केस ओंजळीने गळू लागले. ते गुंतवळ आमच्या मातोश्री रोज एका पिशवीत जपून ठेवीत. पुढे त्याचेच गंगावन त्यांनी करवून घेतले, वर काळ्या दोऱ्याची गाठ स्वतः मारली आणि सुनेच्या अंबाड्यात ते स्वहस्ते गुंफले. मातोश्री गेल्या, गंगावन राहिले.

आम्ही मात्र त्यास 'उसने सौंदर्य' म्हणत असू. पार्वतीचे केस पाहून, पशूंना लाज असती तर, चमरीने आपल्या पुच्छकेसांचा लोभ सोडला असता, अशा अर्थाचा श्लोक कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात आहे. तो आम्ही सौ.समोर थट्टेने म्हणत असू.

गेल्या वर्षी संधिवाताने सौ.ची बोटे आखडली. अमरावतीस पुतण्याचे लग्न तोंडावर आलेले. आम्ही दर्यापूर तालुक्यातील मूळ गावी होतो. गंगावन आम्हीच धुऊ, असे ऐटीने सांगून विहिरीचे पाणी कढत केले, त्यात धुण्याचा सोडा घातला आणि सदऱ्याच्या गळपट्टीप्रमाणे साबण लावून चोळले. पूर्णाकाठचा तो खारपाणपट्टा! फेस येईना, म्हणून अधिकच चोळले. अखेर हाती आला तो नमद्यासारखा गोळा. सौ. "असू द्या" एवढेच म्हणाल्या आणि लग्नात अखेरपर्यंत डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. मांडवात आमची मान वर होईना.

अकोल्यास परतल्यावर सूनबाईंनी कारण समजाविले. केसावर सूक्ष्म खवले असतात. त्यांचा रोख मुळाकडून टोकाकडे असतो. गुंतवळात मुळे व टोके उलटसुलट मिसळलेली असल्याने खवले परस्परांत अडकतात. कढत पाणी आणि सोड्याचा क्षार त्यांस अधिकच उभारतात. सहा दिवस आम्ही खोबरेल तेल लावून तो गोळा केसागणिक सोडवीत बसलो. तिसरा हिस्सा तुटून गेला.

आता गंगावन महिन्यातून एकदा आम्हीच धुतो. प्रथम रुंद दात्यांच्या फणीने टोकापासून वर वर विंचरावे. शिकेकाईचा काढा फडक्यातून गाळून कोमट, गोड्या पाण्यात मिसळावा. त्यात गंगावन बुडवून बोटांनी वरून खाली निपटावे, चोळू मुळीच नये. पुढे स्वच्छ पाण्याने धुऊन, पंचात दाबून, सावलीत खुंटीला टांगावे. आमच्या वऱ्हाडच्या उन्हात तर कधीच ठेवू नये. मस्तकाचे तेल या केसांस मिळत नाही, म्हणून सुकल्यावर दोन थेंब खोबरेल तळहातावर चोळून हलकेच लावावे. बाजारातील कृत्रिम तंतूंच्या गंगावनास कढत पाण्यापासून विशेष जपावे. ते उष्णतेने वेडेवाकडे होतात.

यंदा दिवाळीत सौ. पाठमोऱ्या बसल्या आणि अंबाडा आम्ही बांधला. तो किंचित डावीकडे कलला होता; त्यांनी तो तसाच राहू दिला. मातोश्रींच्या हातची काळ्या दोऱ्याची गाठ अद्याप शाबूत आहे. श्लोक मात्र आम्ही आता म्हणत नाही.