चार बोल्ट

मोटारीतले आसन ही आपल्यालेखी बसायची वस्तू. ते कशाच्या आधाराने जागेवर राहते, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. पण २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या, आणि त्यानंतर उघडीप मिळेल तशी माणसे ओल्या मोटारींची आसने अंगणात मांडू लागली.

माझ्या मेहुण्याने आपली मोटार ओढून आणली ती थेट आमच्या दारात. गावाचे नावच नाते. नाही कसे म्हणणार? त्याचे दुकान चिखलात, आणि मुलीला माणगावला पोचवायचे. त्याला घाई होती. पण गाडीतला गालिचा वरून कितीही पुसला तरी खालचे जाड अस्तर पाणी धरून ठेवते आणि पत्रा कुजतो. तेव्हा आसने काढणे आलेच.

मिस्त्री आला. मी मोठ्या उत्साहाने घरातला स्क्रू पाना पुढे केला. "गुरुजी, तो नळाला ठेवा," तो म्हणाला. त्याने आधी बॅटरीची ऋण तार सोडवली आणि थोडा वेळ थांबला; आसनाखालची पिवळी तार हवेच्या पिशवीची असते, म्हणे. मग चौदा नंबरची गोटी काढली, तीही सहा कोनी. बारा कोनी गोटी गंजलेल्या बोल्टचे कोपरे खाते. आसन पुढे सरकवून मागचे दोन बोल्ट, मागे सारून पुढचे दोन. तेल सोडून रात्रभर मुरू दिले, तरी एकाचे आटे गेलेच.

खरी गंमत नव्या बोल्टची. (गंमत हा शब्द मास्तरांचाच, मेहुण्याला तशी वाटली नाही.) एका दुकानदाराने तेवढ्याच जाडीचा चकचकीत बोल्ट दिला. मिस्त्रीने त्याचे डोके पाहिले आणि परत केला. जुन्याच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले होते. पहिला आकडा ताकदीचा: चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलो ओढ सोसल्यावर तो तुटतो. दुसरा सांगतो, त्याच्या आठ दशांश ओढीला तो कायमचा ताणू लागतो. साधा ४.६ चा बोल्ट निम्म्यातच हात टेकतो. शिवाय आट्यांतले अंतर सव्वा मिलिमीटरचे की दीडचे, हेही जुळावे लागते. नाहीतर बोल्ट दोन फेरे जाऊन अडतो, आणि जोर केला की पत्र्याला डकवलेला नटही बिघडतो.

"एका बोल्टने काय होते?" मेहुणा कुरकुरला.

मिस्त्रीने पट्ट्याचे कुलूप दाखवले. ते आसनालाच जोडलेले होते. धडक बसली की पट्टा माणसाला धरतो, पट्ट्याला आसन धरते, आणि आसनाला हे चार बोल्ट. मेहुण्याने मुलीकडे पाहिले आणि पुढे काही बोलला नाही.

बोल्ट मिळायला तीन दिवस लागले. मिस्त्रीने चारही आधी हाताने फिरवून बसवले, मग पान्याने एकामागून एक आवळले. शेवटी आसन दोन्ही हातांनी गदागदा हलवून मुलीला म्हणाला, "बस आता."