पेटी, संगणक आणि आमचे गायन

बेळगावकडच्या माणसाला पेटीविषयी नव्याने काही सांगावयास नको. पंडित रामभाऊ विजापुरे ह्यांनी येथेच पेटीवादकांच्या पिढ्या घडविल्या. परंतु अलीकडे आमच्या गायकवृंदाच्या बैठकीत निराळेच शब्द ऐकू येतात: सॅम्पल, मिडी, लूप, ट्रॅक. तरुण मंडळी ते सहज बोलतात आणि वडील मंडळी गप्प बसतात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत संगणकावर तयार केलेली साथ वाजवावी काय, हा प्रश्न सर्वांनी मिळून सोडवावयाचा आहे. निम्म्यांना शब्दच कळले नाहीत, तर तो निर्णय सर्वांचा कसा म्हणावा? म्हणून तरुणांकडून जे समजावून घेतले, ते येथे मांडतो.

ध्वनी म्हणजे हवेतील कंप. जुन्या तबकडीवर त्या कंपाचीच खोदीव रेघ असे. संगणकात रेघ नसते, आकडे असतात. कंपाची उंची ठराविक अंतराने मोजून आकडा लिहून ठेवावयाचा. अशा प्रत्येक मोजणीस सॅम्पल म्हणतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजण्या ठरल्या. इतक्या कशाला? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपांपर्यंतचा स्वर ऐकू येतो, आणि तो पुन्हा उभा करावयाचा तर त्याच्या दुपटीहून अधिक मोजण्या लागतात. प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहितात, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या होतात. पायलीने मोजलेल्या धान्यात जेवढे इकडेतिकडे होते तेवढे चिपट्याने होत नाही, तसेच हे.

सॅम्पल ह्या शब्दाचा दुसराही अर्थ आहे व तेथे घोटाळा होतो. कीबोर्डातून सनई वाजते, ती बहुधा कोणा सनईवाल्याच्या खऱ्या फुंकरीची साठवण असते. तिलाही सॅम्पलच म्हणतात. सिंथेसायझर मात्र साठवण न वापरता विजेच्या किंवा गणिताच्या साहाय्याने स्वर घडवितो.

मिडी १९८३ साली आले. त्यात ध्वनी मुळीच नसतो. कोणती पट्टी, किती जोराने, किती वेळ दाबली, एवढीच नोंद असते. मध्य सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६० हा आकडा. ही एक प्रकारची स्वरलिपीच होय. म्हणून पांढरी चारमधील गीत काळी दोनमध्ये नेणे क्षणाचे काम. आमची स्केल चेंजर पेटी दुसरे काय करते?

पेटीचे स्वर पक्के, तिच्यातून मींड निघत नाही, ह्या आक्षेपापायी आकाशवाणीने १९४० साली तिला दूर ठेवले होते. १९७१ साली ती बंदी सैल झाली. संगणकाविषयीचा तसाच आक्षेप मला फारसा पटत नाही, कारण स्वर वाकविण्याची सोय त्यात आहे. माझी काळजी वेगळी आहे.

लूप म्हणजे पुनःपुन्हा वाजणारा तुकडा. वडगावात ज्यांनी जन्मभर मागाचा ठोका ऐकला, त्यांना तो समजावयास वेळ लागणार नाही. मिनिटाला ७२ आघात ठरविले की ७२च. पण आमच्या आजीबाई ओळीच्या शेवटी श्वास घेतात, दुसऱ्या कडव्यात थोड्या मागे राहतात. आमचे वृद्ध पेटीवादक त्यांच्याकडे पाहून भात्यावरचा हात थांबवितात. तयार ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. मग माणसे गाणे सोडून ऐकू लागतात. मंदिरात गाणारी माणसे ऐकणारी झाली, तर साथ कितीही सुंदर असली तरी ती मला महाग पडली असे वाटेल. (रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, तोही कमी ठेवावा. आमचे छत उंच आहे. घुमारा फुकट मिळतो आणि शब्द आधीच बुडतात.)

पेटीवादकांनी स्वतः एक शब्दही काढलेला नाही. ज्या मुलाने साथ रचली तो रोज यंत्रमागावरून सुटल्यावर रात्री जागला आहे, हेही विसरता येत नाही.

त्यानेच आता तोडगा सुचविला आहे. साथीचे ओळीओळीचे तुकडे करावयाचे, आणि पेटीवादकांनी मान हलविल्यावरच पुढचा तुकडा सोडावयाचा. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर त्याची चाचणी घेणार आहोत. घरातील वयस्क मंडळींना अवश्य घेऊन यावे. चाचणी त्यांच्याच श्वासावर होणार आहे.