पाठकोरे

आमच्या घरी कोरा कागद विकत आणणं म्हणजे उधळपट्टी. अण्णांच्या टेबलावर पाठकोऱ्यांचा गठ्ठा असे. त्यात लग्नपत्रिका, शाळेच्या सायक्लोस्टाइल केलेल्या सूचना, कॅलेंडरचे सरलेले महिने, काय वाटेल ते. पोस्टाने आलेलं पाकीट ते कधी फाडत नसत. डिंकाच्या कडा पट्टीने अलगद सोडवायच्या, पाकीट उलगडायचं आणि आतली बाजू वर करून गठ्ठ्यात सरकवायचं. लग्नपत्रिकेचा हळदकुंकू लागलेला कोपरा तेवढा सोडत; उरलेल्या जागेवर वाण्याची यादी. जूनमध्ये जुन्या वह्यांची उरलेली पानं दाभणाने शिवून आमची रफ वही तयार होई. तिच्यात एकरेघी, दुरेघी, चौकटी अशी पानं हाताला लागतील तशी येत. त्यामुळे भूमितीची आकृती दुरेघीवर आणि इंग्रजी चौकटीत. वर्गात ती वही मी दप्तराच्या आडोशानेच उघडत असे.

अण्णांना लोक चिकट म्हणत. त्या लोकांनी ट्रंकेतला दस्ता पाहिलेला नसे. फुलस्केपचे चोवीस ताव, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. गल्लीतली माणसं अर्ज लिहून घ्यायला यायची. कुणाचं पेन्शन अडकलेलं, कुणाला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं. खरडा पाठकोऱ्यावर व्हायचा. अण्णा तो मोठ्याने वाचून दाखवत, खाडाखोड करत, 'हे असंच झालं ना?' म्हणून दोनदा विचारत. मग ट्रंक उघडायची. पक्का अर्ज कोऱ्या तावावर, समास दुमडून, एकही काट न होता. कागदाचे पैसे कुणी पुढे केले की अण्णा चिडत. सख्ख्या भावाला मात्र पत्र जायचं ते दुधाच्या हिशेबाच्या पाठीवर.

काटकसर तशी सगळ्यांची सारखीच दिसते. ती कुणापाशी थांबते, हे पाहिल्याशिवाय माणसाचा अंदाज येत नाही. हे मला पुढे नोकरीत पुरतं पटलं. आमच्या एका साहेबांनाही पाठकोऱ्यांचं भारी प्रेम. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे दोन्ही कडांना भोकं असलेले लांबलचक कागद कापून त्यांचे पॅड करायचे आणि कर्मचाऱ्यांना वाटायचे, असा त्यांचा हुकूम. स्वतःच्या टेबलावर मात्र करकरीत लेटरहेड, आणि त्यावर ते फोनवर बोलता बोलता फुलं काढत. एकदा एका सहकाऱ्याला पाठकोऱ्यावर निरोप आला. त्याने कागद उलटला, तर मागे त्याच्याच गोपनीय अहवालाचा मसुदा! त्यानंतर कचेरीत आलेला प्रत्येक पाठकोरा आधी मागून वाचला जाऊ लागला.

पाठकोऱ्याचा विषय निघाला की गांधीजी आठवायचेच. 2 जून 1947 रोजी माउंटबॅटन यांनी फाळणीची योजना नेत्यांपुढे ठेवली. त्याच दिवशी गांधीजी त्यांना भेटायला गेले. तो सोमवार, म्हणजे त्यांच्या मौनाचा दिवस. जे सांगायचं ते त्यांनी वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून दिलं, आणि माउंटबॅटन यांनी ते तुकडे जपून ठेवले. देशाचे दोन तुकडे होत असताना व्हाइसरॉयच्या हाती जुनी पाकिटं! अण्णांना हे जमलं नसतं. गांधीजींच्या लेखी व्हाइसरॉय आणि आश्रमातला स्वयंपाकी यांच्यात कागदापुरता भेद नव्हता. अण्णा भेद करत, पण जगाच्या उलट: ज्याची कुठेच पत नाही, त्याला कोरा ताव. मला अण्णांची रीत जास्त जवळची वाटते, पण तो घरचा पक्षपात असेल.

मी आयुष्यात सर्वांत जास्त हाताळलेला पाठकोरा म्हणजे एसटीचं तिकीट. सुट्टे नसले की कंडक्टर त्याच्या पाठीवर देणं असलेली रक्कम लिहून देई आणि 'उतरताना घ्या' म्हणे. नोकरीनिमित्त बराच काळ रोजचा प्रवास होता, तेव्हा मी कंडक्टरांची मनात वर्गवारी करून ठेवली होती. एक जण तुम्ही आठवण करीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचा. दुसरा आठवण केल्यावर तिकीट निरखून बघायचा, जणू तो आकडा आपणच खरडला आहे. पण एक होता, कपाळाला अबीर लावणारा. गाडी फाट्याला वळली की तोच गर्दीतून वाट काढत यायचा. झोपलेल्या म्हातारीला हलवून म्हणायचा, 'आजी, तुमचे साडेतीन रुपये राहिलेत, हात पुढं करा.' त्या आजींनी तिकीट केव्हाच चुरगळून टाकलेलं असायचं.

आता एसटीतही क्यूआर कोड आलाय. भाडं तंतोतंत जातं, सुट्ट्यांची कटकट नाही, तिकिटाच्या पाठीवर आकडा नाही. सोय झाली, यात वाद नाही. फक्त शेजारी उभा असलेला कंडक्टर कसा माणूस आहे, ते मला हल्ली फाटा आला तरी कळत नाही.